पिशव्या उपसण्याआधी आजची पावती लिहा

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

«ताई, मी आणि माझ्या धाकट्या भावानं सहा वर्षांपूर्वी छोटी कंपनी काढली. पुठ्ठ्याचे खोके बनवून देतो. आम्ही दोघं धरून अकरा माणसं आहोत. धंदा बरा चाललाय, पण हिशेब सगळा माझ्या डोक्यात आणि दोन कापडी पिशव्यांत. मागच्या महिन्यात एका जुन्या ग्राहकानं सांगितलं की दोन खेपा त्यांना मिळाल्याच नाहीत. माल गेलाय हे मला पक्कं आठवतंय, पण पोच सापडत नाही. त्याच आठवड्यात कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांचे कागद मागितले. रात्री दीड वाजेपर्यंत पिशव्या उपसल्या आणि शेवटी जमिनीवर बसून रडले. हिशेबनीस वर्षातून एकदा येतात, त्यांच्यापुढे त्या पिशव्या ठेवायची लाज वाटते. भाऊ म्हणतो, सॉफ्टवेअर घेऊ, सगळं सुटेल. त्यालाच एक सांगायचंय आणि ते तोंडातून निघत नाही: तो गल्ल्यातून पैसे काढतो आणि लिहीत नाही. बोलले तर त्याला वाटेल मी संशय घेते. सुरुवात कुठून करू?»

ताई,

आधी ती लाज बाजूला ठेवा. तुमच्या हिशेबनिसांनी अशा पिशव्या ढिगानं पाहिल्या असतील. पिशवी आणणारा माणूस त्यांना परवडतो, कारण त्यानं निदान कागद टाकून दिलेले नसतात. त्यांना घाम फोडतो तो «कागद कशाला, मला सगळं तोंडपाठ आहे» म्हणणारा.

आणि इथेच तुमची खरी अडचण आहे असं मला वाटतं. तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. सहा वर्षं तिनं तुम्हाला तारलं, म्हणून वहीची गरज भासली नाही. पण दोन खेपा गेल्या हे «मला पक्कं आठवतंय» याचा समोरच्याला काही उपयोग नाही. तिथला माल उतरवून घेणारा माणूस बदलला असेल, त्याच्या जागी आलेल्याला तुम्ही कोण हेही माहीत नसेल. नोंद ही आपल्या आठवणीसाठी असते असं आपण धरून चालतो. ती असते त्या वेळी तिथे हजर नसलेल्या माणसासाठी. बँकेतला अधिकारी, ग्राहकाकडचा नवा कारकून, कर तपासणारा अधिकारी, आणि तीन वर्षांनंतरच्या तुम्ही स्वतः. त्यांच्यापैकी कुणालाही तुम्हाला न विचारता कळलं पाहिजे: काय झालं, कधी झालं, कुणाशी, कितीचं आणि कशासाठी. एखादा कागद पुरेसा आहे का हे ठरवताना मी हाच एक निकष लावते.

म्हणून पहिलं काम: त्या पिशव्यांना पंधरा दिवस हात लावू नका. जुनं आवरून मग नवं नीट करू असं बहुतेकांना वाटतं, आणि जुनं आवरता आवरता नवी पिशवी भरते. सुरुवात आज जी गाडी निघेल तिच्यापासून करा.

ती गाडी डोळ्यांसमोर आणा. माल भरताना चलन, म्हणजे मालासोबत जाणारा तपशिलाचा कागद, तीन प्रतींत करा: एक ग्राहकाला, एक त्यांची सही होऊन परत येणारी, एक पुस्तकात राहणारी. चलनावर ऑर्डरचा नंबर आणि तारीख, मालाचं वर्णन मापासकट, नग किती, गठ्ठे किती. तिकडे पोचल्यावर सही घ्यायची. नुसती वळणदार रेघ चालणार नाही. सहीखाली स्वच्छ अक्षरात नाव, तारीख, वेळ आणि असेल तर शिक्का हवा. काही नग भिजले किंवा कमी निघाले तर तेही त्याच चलनावर तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. चालकानं गाडी तिथून हलवण्याआधी त्या चलनाचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा. संध्याकाळी सहीची प्रत परत आली की ती फाइलला लावायची आणि त्याच दिवशी बिल करायचं, बिलावर चलनाचा नंबर टाकायचा. आता कुणीही ते बिल हातात घेतलं तर चलनापर्यंत आणि चलनावरून ऑर्डरपर्यंत जाऊ शकतो. ही साखळी जिथे तुटते तिथे पैसा गळतो.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या छोट्या कंपनीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकानं फोनवर वाढीव काम सांगितलं. संबंध चांगले, माणूस ओळखीचा, घाई होती. मी काम करून दिलं. बिल पाठवलं तेव्हा तो माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, «आमच्याकडून लेखी काय आलं होतं?» काहीच नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, मीही नव्हते. चार महिन्यांची मेहनत तशीच सोडून द्यावी लागली. तेव्हापासून फोनवर काहीही ठरलं की फोन ठेवल्याबरोबर दोन ओळींचा संदेश पाठवते: «आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक इतके नग, अमुक दरानं, अमुक तारखेला. काही वेगळं असेल तर कळवा.» या दोन ओळींनी आजवर माझे किती वाद टाळले ते सांगून पटणार नाही.

बिलांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. नंबर सलग हवेत. बिल चुकलं तर फाडून टाकू नका, त्यावर «रद्द» लिहून सगळ्या प्रती पुस्तकातच ठेवा. मधला एखादा नंबर गायब दिसला की तपासणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. वहीतल्या चुकांचंही तसंच. पांढरा रंग लावू नका, गिरवू नका. एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करा. दुरुस्त केलेली वही चालते, खाडाखोडीची वही संशयास्पद वाटते.

आता रोजची वही. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका गणिती धर्मगुरूनं तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची रीत छापून प्रसिद्ध केली. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहायची जी पद्धत आजही जगभर चालते, तिचं ते पहिलं छापील वर्णन मानतात. त्यात तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्ची वही, रोजकीर्द (तारीखवार पक्क्या नोंदींची वही) आणि खतावणी (प्रत्येक खात्याचा वेगळा हिशेब मांडणारी वही). मला त्यातली कच्ची वही सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्यात लहानमोठं सगळं घडेल तसं, घडेल त्या क्षणी लिहायचं, आणि मालक जागेवर नसेल तर घरातलं किंवा दुकानातलं जे कुणी लिहू शकतं त्यानं लिहायचं. अक्षर, क्रम, खातं, कशाचीच चिंता करायची नाही. ती नंतर पक्क्या वहीत उतरवताना करायची. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यांना कळलं होतं की लिहिणं आणि मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्ही एकदम करायला जातो, मांडायला वेळ नसतो म्हणून लिहायचंही राहून जातं.

तेव्हा गल्ल्याशेजारी एक जाड वही दोरीनं बांधून ठेवा, पेनासकट. आलेला, गेलेला प्रत्येक पैसा तिच्यात. रात्री कुलूप लावण्याआधी सकाळची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, आणि गल्ल्यातली रोकड मोजून त्याच्याशी ताडून पाहायची. फरक आला तर लपवू नका, «फरक इतका» असं लिहून ठेवा. चार दिवसांनी त्या फरकाचं कारण बरेचदा आपोआप सापडतं, पण तो लिहिलेला असेल तरच.

पावत्यांचं एक सांगायचं राहू नये. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांवर शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि तो उष्णतेनं काळा पडतो. ऊन, गरमी, तेलाचा हात, प्लॅस्टिकचं पाकीट, यातल्या कशानंही ती अक्षरं उडतात. मी एकदा दोन वर्षांपूर्वीची जपून ठेवलेली पावती काढली तर हातात कोरा पांढरा कागद आला. तेव्हा अशी पावती मिळाली की त्याच दिवशी फोटो काढायचा, आणि फोटोच्या नावात तारीख, दुकान आणि कारण लिहायचं. «डिझेल» एवढं पुरत नाही. «डिझेल, माल पोचवायची गाडी, अमुक ग्राहकाची खेप» असं हवं. सहा महिन्यांनी ते खातं कुठलं हे तुम्हालाही आठवणार नाही.

आठवड्यातून एक तास मात्र लागेल, आणि तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तासात दोनच कामं. पहिलं, बँकेचं खातेपत्रक आणि आपली वही समोरासमोर ठेवून ओळ न ओळ टिकमार्क करायची. तुम्ही दिलेला चेक अजून वटलेला नसेल, बँकेनं कसलं तरी शुल्क कापलं असेल, कुणी न सांगता पैसे जमा केले असतील. ही तफावत आठवड्याची असते तोवर दहा मिनिटांत उलगडते. वर्षाची झाली की तीच हिशेबनिसांना आठवडाभर खाते. दुसरं, येणी. कुणाकडून किती यायचं आहे याची यादी, तीस दिवसांच्या आतली, साठच्या आतली, नव्वदच्या आतली आणि त्याहून जुनी अशी चार रकान्यांत. तुमच्या पत्रात तुम्ही धंदा बरा चाललाय म्हणता आणि कर्जही मागता. मला शंका आहे की तुमचा पैसा त्या उजवीकडच्या रकान्यांत अडकलाय. बिल फाडलं की नफा दिसतो, पण पगार होतो तो बिलाच्या जमा झालेल्या पैशातून. आणि ग्राहकाकडून कर म्हणून जे वसूल केलं ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. ती रक्कम तुमची नाही, तुम्ही फक्त पोचवणारे आहात. छोट्या कंपन्या या एका गल्लतीत फार अडकतात.

जुळवताना फरक आला तर त्याला आधी 9 नं भागून पाहा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी 270 चा फरक तीन संध्याकाळी शोधत होते. आमच्या खात्यातले एक वयस्क गृहस्थ मागून आले, आकडा पाहिला आणि म्हणाले, «9 नं भाग जातो. कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिलेत. 30 वेळा जातो, म्हणजे शतक आणि दशक बघ, त्यांच्यात तिनाचं अंतर असेल.» पाच मिनिटांत सापडलं: 5,410 च्या जागी 5,140. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी 9 नं पूर्ण भाग जातो. तसा भाग गेला नाही तर फरक निम्मा करा आणि तेवढी रक्कम वहीत शोधा. जमेची नोंद नावेला पडली असेल तर फरक दुप्पट येतो. हे दोन चकवे ओळखता आले की वहीची भीती निम्मी उरते.

सॉफ्टवेअरबद्दल तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. अकरा माणसांच्या कंपनीनं कधी ना कधी ते घ्यायलाच हवं. बेरजा चुकत नाहीत, खतावणी आपोआप होते, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, एका क्षणात निघते. पण चालकानं सही घेतली नाही हे त्याला कळत नाही, आणि गल्ल्यातून काढलेले पैसे कुणी सांगितल्याशिवाय त्यात येत नाहीत. तीन महिने वही चालवा. वही रोज लिहिली गेली तर सॉफ्टवेअर घ्या, आणि घेण्याआधी हिशेबनिसांना विचारा की त्यांना कुठलं चालतं. घेतल्यावर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा, म्हणजे कुठली नोंद कुणी केली ते दिसतं. त्यातल्या नोंदींच्या प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कारखान्याच्या बाहेर. वर्षातून दोनदा ती बाहेरची प्रत उघडून बघा. उघडत नसेल तर ती प्रत नव्हेच.

आता पिशव्या. पंधरा दिवसांनी नवी वही रुळली की त्या काढा, पण कागदापासून सुरुवात करू नका. बँकेकडून तीन वर्षांचं खातेपत्रक मागवा. त्यात प्रत्येक व्यवहाराची ओळ, तारीख आणि रक्कम आधीच लिहिलेली आहे, तेही तिऱ्हाइताच्या हातची. मग पिशवीतला एकेक कागद घेऊन आपली ओळ शोधा, सापडली की ओळीचा नंबर कागदावर लिहा आणि महिन्याच्या पाकिटात टाका. ज्या ओळींना कागद मिळत नाही त्यांची यादी करा. बिलाची दुसरी प्रत पुरवठादार सहसा देतात, मागायला संकोच करू नका. वीज, भाडं, फोन यांची जुनी बिलं त्या त्या कंपनीकडून मिळतात. रोखीच्या कागदांचं ओझं शेवटी उरेल, ते हिशेबनिसांसोबत बसून ठरवा. न सापडलेला कागद मात्र कधीही नव्यानं बनवू नका, तारीख मागची टाकून तर मुळीच नाही. «पावती उपलब्ध नाही» असं लिहिलेली नोंद प्रामाणिक असते आणि तिच्यासाठी बोलता येतं.

त्या दोन खेपांचंही याच वाटेनं बघा. सही नसली तरी माल गेल्याच्या खुणा असतात: त्या दिवशी गाडीत भरलेलं डिझेल, टोलची पावती, चालकाचे तिकडे गेलेले फोन, ग्राहकाच्या फाटकावरची आवकजावक वही, पुठ्ठ्याच्या साठ्यात झालेली घट. हे सगळं तारीखवार एका कागदावर मांडा आणि त्यांना शांतपणे लिहा की तुमच्या फाटकाची त्या दिवसांची नोंद एकदा बघाल का. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण संबंध टिकवून एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

किती वर्षं जपायचं हे देशोदेशीच्या कायद्यावर आणि कागदाच्या प्रकारावर अवलंबून असतं. हिशेबनिसांकडून मुदत विचारून पाकिटावरच लिहा: «अमुक तारखेआधी नष्ट करू नये.» कंपनी स्थापनेचे कागद, भागधारकांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं, जागेचे आणि मोठ्या यंत्रांचे कागद यांना मुदत लावूच नका, ते कायमचे. कामगारांची हजेरी, पगार आणि रजा यांची फाइल वेगळी, कुलपात.

एवढी उठाठेव फक्त बँकेसाठी आणि करासाठी नाही, हे मला मनापासून सांगायचंय. इंग्लंडमधला प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड 1772 च्या मंदीत अडकला तेव्हा त्यानं आपल्या वह्या उघडून प्रत्येक वस्तूला नक्की किती खर्च येतो ते काढायला घेतलं. त्यात त्याला दिसलं की बरेचसे खर्च माल कमी निघो की जास्त, तेवढेच राहतात. आणि त्याच शोधात हिशेब सांभाळणाऱ्या माणसाची अफरातफरही सापडली. तुम्ही सहा वर्षं खोके बनवताय. कुठल्या मापाच्या खोक्यावर पैसा सुटतो आणि कुठल्यावर तुम्ही पदरमोड करताय हे तुम्हाला आज सांगता येईल? कच्चा माल, मजुरीचे तास, वाया गेलेला पुठ्ठा हे तीन महिने खोक्याच्या प्रकारानुसार लिहून ठेवा. एखादा जुना, लाडका ग्राहक तोट्याचा निघाला तर दचकू नका. माझ्याकडे निघाला होता. दर वाढवून मागितला, त्यांनी दिला.

आणि आता भाऊ. तुमच्या पत्रातली हीच ओळ मी दोनदा वाचली.

1896 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा ते तिथलं सर्वांत वरचं न्यायालयही होतं) सॅलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला की कंपनी जवळजवळ सगळी एकाच माणसाच्या मालकीची असली तरी कायद्यानं ती आणि तो वेगळे आहेत. कंपनीचं कर्ज त्याच्या अंगावर आलं नाही ते त्यामुळेच. अनेक देशांचा कंपनी कायदा आज याच पायावर उभा आहे. पण हे संरक्षण हवं असेल तर आपणही ते वेगळेपण पाळावं लागतं. गल्ला तुमचा नाही, भावाचाही नाही, कंपनीचा आहे. तो त्यातून घेतो ते पैसे पगार आहेत, उचल आहे, नफ्यातला वाटा आहे की कंपनीसाठी केलेला खर्च, हे लिहिलं नाही तर वर्षाखेरीस कुणाला तरी अंदाजानं ठरवावं लागेल. तो अंदाज त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतो. न लिहिण्यात जास्त नुकसान त्याचं आहे, हे त्याला याच शब्दांत सांगता येईल. त्यानं खिशातून कंपनीसाठी भरलेले पैसेही आज कुठेच लिहिलेले नाहीत, आणि माझा अंदाज आहे की ते बरेच असतील. बोलण्याची सुरुवात त्या पैशांपासून करा: «तू भरलेलं सगळं मला वहीत आणायचंय, तुझे पैसे तुला परत मिळाले पाहिजेत.»

दोघांचाही महिन्याचा पगार ठरवा आणि तो बँकेतून खात्यात जाऊ द्या. वरखर्चासाठी एक ठरावीक रक्कम वेगळ्या डब्यात ठेवा. त्यातून काढलं की चिठ्ठी टाकायची, आणि डब्यातली रोकड अधिक चिठ्ठ्या मिळून नेहमी तेवढीच रक्कम भरली पाहिजे. डबा रिकामा होत आला की चिठ्ठ्या वहीत उतरवून तेवढीच भर घालायची. हा नियम दोघांनाही सारखाच, सही दोघांचीही.

आणि त्या डब्यातली पहिली चिठ्ठी तुमची असू द्या. उद्या सकाळी तुम्ही स्वतः पैसे काढा, त्याच्या देखत लिहा, तारीख घाला, सही करा, आणि काही न बोलता पेन डब्याशेजारी ठेवून द्या.